फळांच्या सालींतील नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधके

फळांच्या सालींतील नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधके म्हणजे उष्ण व उपोष्ण कटिबंधातील फळांच्या टाकून दिल्या जाणाऱ्या सालींत आढळणारी, ऑक्सिडीकरणाची क्रिया थोपवणारी अथवा मंदावणारी वनस्पतिजन्य संयुगे होत. रोजच्या बोलण्यात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. मोसंबी, संत्रे, डाळिंब, आंबा, केळे व कोकम या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या फळांच्या सालींत अशी संयुगे विपुल असून अनेक फळांत त्यांचे प्रमाण गरापेक्षा सालीत अधिक असते. यांतील बहुतेक संयुगे पॉलिफिनॉल या मोठ्या गटातील आहेत. फ्लॅव्होनॉइडे, टॅनिने, अँथोसायनिने व झँथोने हे त्यांचे प्रमुख उपगट होत. यांखेरीज सालींत कॅरोटिनॉइडे व क जीवनसत्त्वही असते.

कार्य

लोखंड गंजते, कापलेले सफरचंद तांबूस पडते, जुने तेल खवट होते. या सर्व घटनांच्या मुळाशी ऑक्सिडीकरण आहे. तेलाच्या बाबतीत ही क्रिया साखळीसारखी चालते. एकटा इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर अणुगट, म्हणजेच मुक्त मूलक, शेजारच्या रेणूतील हायड्रोजन हिरावून घेतो. त्यामुळे शेजारचा रेणू स्वतःच मुक्त मूलक बनतो आणि पुढच्या रेणूवर तीच आपत्ती येते. ऑक्सिडीकरणरोधक आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतो. असे करताना तो स्वतःही मुक्त मूलक बनतो. परंतु त्याच्या वलयाकार रचनेमुळे एकटा इलेक्ट्रॉन संपूर्ण वलयावर विखुरतो आणि पुढचा रेणू बिघडवण्याइतकी तीव्रता त्याच्यात उरत नाही. काही पॉलिफिनॉले लोह व तांबे यांसारख्या धातूंचे आयन बांधून ठेवतात आणि मुक्त मूलके तयार होण्याचाच एक मार्ग बंद करतात.

साल हे फळाचे कवच आहे. ऊन, अतिनील किरण, बुरशी, किडी आणि पक्ष्यांच्या चोची यांचा पहिला मारा तिच्यावर होतो. कच्ची साल तुरट वा कडवट लागते ती याच संरक्षक संयुगांमुळे. बी पक्व होईपर्यंत फळ कोणी खाऊ नये, ही झाडाची गरज असते. माणूस जी चव नको म्हणून साल सोलून टाकतो, तीच पुष्कळदा या संयुगांची खूण असते.

मोसंबी आणि संत्रे

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे मंठ्याहून सेलूकडे जाणाऱ्या मार्गावरील ठिकाण आहे. मंठा तालुका जालना जिल्ह्यात मोडतो आणि जालना हा मराठवाड्यातील मोसंबीचा प्रमुख जिल्हा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मोसंबीवर काम करणारे फळ संशोधन केंद्र याच जिल्ह्यात बदनापूर येथे आहे. विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय परभणीतच आहे.

या पट्ट्यातील रस्त्यांवर मोसंबीच्या रसाच्या गाड्या सर्रास दिसतात. विक्रेता आधी सुरीने साल उतरवतो, मग फळ यंत्रात घालतो. साल उतरवण्यामागे शास्त्रीय कारण आहे. सालीतील तेल रसात उतरले तर रस उग्र व कडवट लागतो. बिया व पापुद्र्यांतील लिमोनीन या संयुगामुळेही रस काही वेळाने कडू होतो, म्हणूनच मोसंबीचा रस काढल्याबरोबर प्यावा असे सांगितले जाते. रस काढल्यावर साल, चोथा व बिया मिळून फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग उरतो. दहा किलो मोसंबी पिळणाऱ्या गाडीमागे चार-पाच किलो ओला कचरा साठतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

मोसंबीच्या सालीचे दोन थर असतात. बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या सुवासिक द्रव्याचा असतो. येथे नावांचा घोळ होण्याचा संभव आहे. कडूपणा आणणारे लिमोनीन आणि वास देणारे लिमोनीन मराठी लिपीत सारखेच दिसत असले, तरी ही दोन अगदी भिन्न संयुगे आहेत. याच बाह्य थरात नोबिलेटिन, टँजेरेटिन व सायनेन्सेटिन ही लिंबू कुळाची वैशिष्ट्यपूर्ण फ्लॅव्होनॉइडे सापडतात. आतला पांढरा, कापसासारखा थर पेक्टिन आणि हेस्पेरिडिन यांनी समृद्ध असतो. रस निवळ दिसावा म्हणून हा पांढरा भाग खरवडून काढण्याची पद्धत आहे. हेस्पेरिडिनचा मोठा साठा मात्र त्यातच असतो.

हेस्पेरिडिन हे या विषयातील सर्वांत जुने नाव आहे. लेब्रेटन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या सालीच्या पांढऱ्या थरातून ते वेगळे केले. ग्रीक पुराणकथेतील सोनेरी फळांच्या बागेची राखण करणाऱ्या हेस्पेरिडीस या अप्सरांवरून हे नाव आले. पुढे १९३६ मध्ये अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबू व मिरचीतील फ्लॅव्होनॉइडे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा पाझर कमी करतात असे सुचवून त्यांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. याच शास्त्रज्ञाला क जीवनसत्त्वासंबंधीच्या कार्याचा समावेश असलेल्या संशोधनासाठी १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या द्रव्याच्या अभावाने निश्चित असा कोणताही रोग होत नाही असे दिसून आल्यावर जीवनसत्त्व ही पदवी काढून घेण्यात आली. मूळ कल्पना मात्र पूर्णपणे वाया गेली नाही. डायोस्मिन व हेस्पेरिडिन यांचे मिश्रण मूळव्याध आणि पायांच्या नीलांचे विकार यांवरील औषधांत आजही वापरले जाते.

हेस्पेरिडिन पाण्यात फार कमी विरघळते. त्यामुळे साल उकळून केलेल्या काढ्यात त्याचा थोडाच अंश उतरतो. उद्योगात ते काढण्यासाठी साल चुन्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात भिजवतात, गाळलेले पाणी आम्लधर्मी करतात आणि तळाशी बसणारे स्फटिक गोळा करतात.

नागपुरी संत्र्याच्या (भौगोलिक मानांकन २०१४) सालीची रासायनिक ठेवण साधारण अशीच आहे. संत्र्याची वाळवलेली साल दिवाळीच्या उटण्यात घालण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा मुख्य गुण तेलाचा सुवास व सालीचा किंचित खरखरीतपणा हा असावा. उटण्यातील ऑक्सिडीकरणरोधकांमुळे त्वचा तरुण राहते, हे अलीकडच्या जाहिरातींनी जोडलेले शेपूट आहे.

डाळिंब

महाराष्ट्र हे देशातील सर्वाधिक डाळिंब पिकवणारे राज्य असून सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापूर येथे आहे. ऑक्सिडीकरणरोधकांच्या दृष्टीने डाळिंबाची साल ही सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या सालींपैकी एक आहे. प्युनिकॅलाजिन हे तिचे मुख्य द्रव्य. ते टॅनिन गटातील मोठा रेणू असून त्याचे विघटन झाल्यावर एलॅजिक आम्ल मिळते. आतड्यातील जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची लहान संयुगे बनवतात. हे काम करणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत सारखे नसतात. त्यामुळे एकच पदार्थ दोन व्यक्तींनी खाल्ला तरी शरीरात पोहोचणारे द्रव्य वेगळे असू शकते.

सालीचे सामर्थ्य एका प्रयोगाने अप्रत्यक्षपणे पुढे आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाळिंबाच्या बाजारी रसाची ऑक्सिडीकरणरोधक क्षमता लाल वाइन व हिरव्या चहाच्या सुमारे तिप्पट आढळली. त्याच अभ्यासात केवळ दाण्यांपासून प्रयोगशाळेत काढलेल्या रसाची क्षमता मात्र बाजारी रसापेक्षा कमी भरली. कारखान्यात अख्खे फळ सालीसकट दाबले जात असल्याने सालीतील टॅनिने रसात उतरत होती. घरी दाणे सोलून काढलेला रस अधिक शुद्ध असतो यात शंका नाही, पण या एका बाबतीत तो कारखान्याच्या रसापेक्षा उणा पडतो.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये डाळिंबाच्या साल व बियांच्या अर्कांची तुलना प्रसिद्ध केली. तीत सालीचा अर्क बियांच्या अर्कापेक्षा बराच प्रभावी ठरला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१० मध्ये याचा व्यावहारिक उपयोग दाखवला. कोंबडीच्या मांसाच्या पदार्थांत सालीचा अर्क मिसळल्यास शीतपेटीतील त्यांचे आयुष्य दोन ते तीन आठवड्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. अर्काने स्निग्धांशाचे खवट होणे रोखले आणि काही रोगकारक जिवाणूंची वाढही आवरली.

तुरट टॅनिनांचा हा गुण परंपरेला ठाऊक होता. अतिसारावर डाळिंबाची साल देण्याचा प्रघात आयुर्वेदात आहे. नैसर्गिक रंगकामात तुरटीबरोबर ही साल पिवळी छटा देते, तर लोहक्षाराबरोबर करडा ते काळा रंग. लोखंडी भांड्यात साल उकळली असता पाणी काळे पडते, ते टॅनिन व लोह यांच्या संयोगामुळे. ही शालेय प्रयोगासाठीही सोपी कसोटी आहे. मात्र पोटातही हेच घडू शकते. टॅनिने अन्नातील लोह बांधतात, म्हणून रक्तक्षय असलेल्या व्यक्तीने जेवणासोबत सालीचे चूर्ण घेणे हितावह नाही. मराठवाड्यात शहाणी माणसे जेवणावर लगेच चहा नको म्हणतात, त्यामागचे कारणही हेच आहे. डाळिंबाच्या फळाची साल आणि झाडाच्या मुळाची साल या दोहोंत गल्लत करू नये. मुळाच्या सालीत पेलेटिएरीन हे विषारी अल्कलॉइड असते व पूर्वी ती टेपवर्म जातीच्या जंतांवर वापरली जात असे.

आंबा

आंब्याच्या सालीत मँजिफेरिन हे झँथोन, क्वेर्सेटिनची संयुगे आणि कॅरोटिनॉइडे असतात. म्हैसूरच्या उपरोक्त संस्थेत रसपुरी व बदामी या जातींवर झालेल्या कामात (२००७) कच्च्या फळाच्या सालीत पॉलिफिनॉलांचे प्रमाण पिकलेल्या सालीपेक्षा अधिक, तर कॅरोटिनॉइडांचे प्रमाण पिकलेल्या सालीत अधिक आढळले. त्याच संस्थेत सालीचे पीठ मिसळून बिस्किटे व मॅकरोनीही तयार करून पाहण्यात आली. आमरसाच्या मोसमात महाराष्ट्रातील घराघरांतून आणि रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतून या सालीचे ढीग बाहेर पडतात.

या सालीची एक अडचण आहे. आंबा, काजू आणि बिबा ही एकाच कुळातील झाडे. बिबा उतल्यावर त्वचेची काय अवस्था होते हे ग्रामीण भागात सांगावे लागत नाही. आंब्याच्या चिकात व सालीत त्याच्याशी रासायनिक नाते असलेली, तुलनेने सौम्य द्रव्ये असतात. संवेदनशील व्यक्तींच्या ओठांभोवती आंबा चोखल्यावर पुरळ उठते ते यामुळेच. त्यामुळे आंब्याच्या सालीचे चूर्ण सरसकट सर्वांना मानवेल असे म्हणता येत नाही.

केळे

जळगाव हा केळीसाठी प्रसिद्ध जिल्हा आहे. केळ्याच्या सालीत गॅलोकॅटेचिन हे चहातील द्रव्याशी नाते सांगणारे संयुग आढळते. जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ते १०० ग्रॅम कोरड्या सालीत १५८ मिलिग्रॅम, तर तितक्याच कोरड्या गरात २९.६ मिलिग्रॅम होते. सालीत डोपामीनही बरेच असते आणि तेथे ते ऑक्सिडीकरणरोधकाचे काम करते. डोपामीन हे मेंदूतील संदेशवाहक द्रव्य असल्याने केळ्याची साल खाल्ल्याने मन प्रसन्न राहते असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे, कारण अन्नातील डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. साल काळी पडते ती याच फिनॉलांचे विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होऊन. त्यामुळे काळी पडलेली साल या कामासाठी निरुपयोगी नसली तरी दुय्यम ठरते.

कोकम

कोकमाच्या बाबतीत कचरा या शब्दाची व्याख्याच उलटते. कोकणात साल हेच मुख्य उत्पादन आहे. फळ फोडून बिया काढतात, साल फळाच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवतात आणि तिची आमसुले होतात. आमटीतील आंबटपणा व सोलकढीचा रंग तिच्यापासून मिळतो. रंग देणारी दोन अँथोसायनिने व गार्सिनॉल ही तिची प्रमुख ऑक्सिडीकरणरोधके. बियांपासूनही कोकमतेल काढले जाते. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोकमाचा दक्षिण-पूर्व आशियातील भाऊबंद मँगोस्टीन याची जाड साल झँथोनांसाठी ओळखली जाते, पण तेथे गर खाल्ला जातो व साल टाकली जाते.

मापन

अर्काची क्षमता मोजण्याची सर्वांत प्रचलित कसोटी डीपीपीएच या जांभळ्या रंगाच्या स्थिर मुक्त मूलकावर आधारित आहे. अर्क मिसळल्यावर जांभळा रंग फिकट होऊन पिवळट होतो आणि ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. एकूण फिनॉलांसाठी फोलिन-सिओकाल्टो कसोटी वापरतात. तीत निळा रंग येतो व उत्तर गॅलिक आम्लाच्या तुल्य प्रमाणात देतात. मात्र ही दुसरी कसोटी क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देते, त्यामुळे तिच्यावरून काढलेले फिनॉलांचे आकडे काहीसे फुगलेले असू शकतात. फळाची जात, पक्वता, वाळवण्याचे तापमान व द्रावक बदलला की आकडे बदलतात. निव्वळ पाण्यापेक्षा पाणी व अल्कोहोल यांचे मिश्रण बहुतेक पॉलिफिनॉले अधिक काढते. वेगवेगळ्या शोधनिबंधांतील आकडे शेजारी ठेवून अमुक साल श्रेष्ठ, तमुक कनिष्ठ असा क्रम लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आरोग्यविषयक दाव्यांच्या मर्यादा

परीक्षानळीत मुक्त मूलक शमवणारे द्रव्य शरीरात तेच करील असे नाही. पॉलिफिनॉले आतड्यातून अल्प प्रमाणात शोषली जातात आणि यकृतात त्यांचे रूप पालटते. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेची आपली सारणी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून मागे घेतली. या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि जाहिरातदार त्यांचा गैरवापर करतात, ही त्यामागील कारणे होती.

याहून गंभीर धडा बीटा-कॅरोटीनचा आहे. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना त्याच्या गोळ्या दिल्या असता फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९४ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. हे निष्कर्ष शुद्ध द्रव्याच्या मोठ्या मात्रेबद्दल आहेत, फळे खाण्याबद्दल नाहीत. परंतु सालीचा संहत अर्क कुपीत भरून विकला जातो तेव्हा तो फळ राहत नाही, गोळी होतो. सालीच्या चूर्णाने मधुमेह वा कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्या जाहिरातींना मान्य वैद्यकीय आधार नाही. अशा जाहिरातींपायी चालू औषध बंद करणाऱ्या रुग्णाची हानी सालीमुळे नव्हे, तर औषध सुटल्यामुळे होते. चकोतरा व पपनस यांच्यातील काही द्रव्ये अनेक औषधांचे शरीरातील प्रमाण वाढवतात, म्हणून त्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी लागते.

सालीतील अवशेष

फवारलेल्या कीटकनाशकांचा मोठा अंश सालीवर राहतो. डाळिंबावरील जिवाणूजन्य करप्याच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘तेल्या’च्या, बंदोबस्तासाठी हंगामात वारंवार फवारण्या होतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. तरीही हा प्रकार अधूनमधून उघडकीस येतो. दूरच्या बाजारासाठी लिंबूवर्गीय फळांवर मेणाचा थर देतात. घाऊक बाजारातील साल खाण्याच्या वापरासाठी घेण्यापूर्वी तपासणी आवश्यक ठरते ती या कारणांनी. गाडीमागे तासन्तास पडलेल्या ओल्या सालींवर बुरशी चढते आणि तिची विषे वाळवण्याने नष्ट होत नाहीत. साल त्याच दिवशी धुऊन, पातळ पसरून, चटकन मोडेल इतकी वाळवणे ही पहिली अट आहे. फार कडक उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. हेस्पेरिडिन व मँजिफेरिन मात्र तुलनेने टिकाऊ आहेत.

उपयोग

सध्या सर्वांत भक्कम उपयोग आरोग्याच्या गोळीत नसून अन्न टिकवण्यात आहे. खाद्यतेलांत बीएचए व टीबीएचक्यू यांसारखी कृत्रिम ऑक्सिडीकरणरोधके दहा लाखांत २०० भागांच्या मर्यादेपर्यंत वापरता येतात. त्यांना पर्याय म्हणून सालींचे अर्क तपासले जात आहेत. पेक्टिन, सुवासिक तेल व हेस्पेरिडिन ही तिन्ही द्रव्ये मोसंबीच्या एकाच सालीतून क्रमाने काढता येतात. मात्र साल ओली, जड व लवकर नासणारी असते आणि गाड्यांवर विखुरलेली असते. तिची वाहतूक व वाळवणी यांचा खर्च हाच खरा अडसर आहे. म्हणून असे उद्योग रसाच्या कारखान्यांना लागून उभे राहतात. फाट्यावरच्या गाडीवाल्याला आज सालीचा दाम मिळत नाही. ती बहुधा शेळ्या-गुरांच्या तोंडी किंवा उकिरड्यावर जाते.

उकिरड्यावरही या सालीचे वर्तन वेगळे असते. सालीतील तेल जिवाणूंना मारक असल्याने मोसंबीच्या साली बायोगॅस संयंत्रात एकदम घातल्यास वायूची निर्मिती मंदावते. त्या शेणाबरोबर थोड्याथोड्या घालाव्या लागतात. उलट मोकळ्या जमिनीवर त्यांचा दीर्घकालीन परिणाम अनुकूल झाल्याचे उदाहरण कोस्टारिकामध्ये आहे. तेथे १९९० च्या दशकात एका रस कंपनीने राष्ट्रीय उद्यानातील सुमारे तीन हेक्टर उजाड कुरणावर १२,००० टन संत्र्याच्या साली टाकल्या. प्रतिस्पर्धी कंपनीच्या दाव्यानंतर न्यायालयाने हा उपक्रम थांबवला आणि जागा विस्मरणात गेली. २०१३ मध्ये संशोधक तेथे परतले तेव्हा दाट झाडीमुळे त्यांना जागा ओळखणे कठीण झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीनुसार शेजारच्या साली न टाकलेल्या कुरणाच्या तुलनेत तेथील झाडोऱ्याचे जैवभार १७६ टक्क्यांनी अधिक होते.